कुंदा आत्याच्या फटफटीचा नंबर

त्या वर्षी मंजुळाला आत्मविश्वास झाला होता. एखाद्याला गोवर होतो तसा. अंगभर उठला होता, आणि याला पथ्य काय द्यायचं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आठवीपर्यंत ही मुलगी उत्तर येत असलं तरी बाकाखाली वाकून न पडलेली पेन्सिल शोधायची. नववीत तिच्या पाणचक्कीला विज्ञान प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं. (चालू अवस्थेतली मॉडेलं दोनच होती, हा तपशील ती सांगत नसे.) तेव्हापासून फ्यूज उडो, स्टोव्ह फुरफुरो, शेजारच्यांचा रेडिओ खरखरो, मंजुळा हात वर करून म्हणायची, "थांबा. मी बघते." ती बघायची. मग वडील माणूस बोलावून आणायचे.

अशात १९८८च्या गणपती विसर्जनानंतर चारच दिवसांनी कुंदा आत्याची फटफटी आली.

कुंदा आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, सरकारी नर्स. जळगावात मेहरूणला मंजुळाच्याच घरी राहायची. तिला धरणगावाकडच्या एका उपकेंद्रावर जायचं होतं. चार गावं, मधे नुसता कापूस, आणि एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात आलं तर. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "कुंदाबाई, एक नोव्हेंबरला वाहन दाखवा, तुमच्या नावाचे कागद दाखवा, उपकेंद्र तुमचं. नाहीतर इथंच बसा टेबलावर, जन्माचं रजिस्टर लिहीत."

"सहा वर्षं लिहितेय," आत्या घरी येऊन म्हणाली. "अमक्याला मुलगा, तमक्याला मुलगी. आता मला बाळं बघायचीत रे, दादा. अक्षरं नाही."

नव्या गाडीला नंबर लावला तर हातात यायला दोन वर्षं. म्हणून जुनी. धुळ्याला रुपचंद मास्तर म्हणून एक ड्रॉइंग शिकवणारे होते, ते वारले. त्यांची गाडी गोठ्यात उभी होती. आत्या बघायला गेली, ती सौदा करूनच आली.

"कंपनी कोणती?" तिने मास्तरांच्या बायकोला, यशोदाबाईंना, विचारलं होतं.

"फटफटी."

"हो, पण कंपनी?"

"आता मास्तरच गेले बाई, कंपनी मी कोणाला विचारू?"

गाडीचं पुस्तक होतं, पण त्यातलं कंपनीचं नाव वाळवीने खाल्लं होतं. इंजिन नंबर आणि चासी नंबर मात्र शाबूत होते. वाळवीला गणित आवडत नसावं.

धुळ्याहून गाडी आली ती दोंडाईच्याच्या मिरचीच्या टेम्पोतून. तिच्या प्रत्येक भोकात, फटीत, दिव्याच्या काचेमागे लाल पूड बसली होती. अभिमन मिस्तरीने तिला आपल्या चिंचेखाली उभं केलं, कार्बोरेटरमध्ये डोकावून फुंकर मारली आणि सलग अकरा शिंका दिल्या.

"हाई गाडी शे का ठेचा?" त्याने डोळे पुसत विचारलं.

अभिमन मिस्तरी मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसायचा. मूळचा साक्रीकडचा. गिऱ्हाईक कलेक्टर का असेना, बोलणार अहिराणीच. मंजुळा शाळा सुटल्यावर दप्तरासकट तिथं हजर. लायब्ररीतलं मोटर दुरुस्तीचं एक पुस्तक तिने दोन दिवसांत संपवलं होतं, म्हणजे त्यातली चित्रं.

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. कमरेवर हात ठेवले. "जावा आहे," ती म्हणाली.

"जावा नही शे."

"मग राजदूत. टाकीवर चंदेरी रंग दिसतोय बघा. राजदूतच. एकशे पंच्याहत्तर."

"तुनी बठ्ठं पुस्तक वाची लिधं का?"

"बठ्ठं! सगळं!" मंजुळा म्हणाली.

मिस्तरी काहीतरी म्हणणार होता, पण त्याला परत शिंक आली. शिंकेलाच होकार समजून मंजुळा घरी गेली आणि आत्याला म्हणाली, "राजदूत आहे. इंजिनाच्या रिंगा मागव." आत्याने बिचारीने मागवल्या. ज्या घरात फ्यूजसुद्धा मंजुळा बसवू शकली नव्हती, त्या घरातली सज्ञान, नोकरी करणारी बाई नववीतल्या मुलीच्या सांगण्यावरून रिंगा मागवते, याचं कारण एकच. मंजुळा फार खात्रीने बोलायची. चूक असली की जास्तच.

रिंगा आल्या. मिस्तरीने एक सिलिंडरच्या तोंडावर धरून दाखवली. ती बोटभर मोठी होती.

"इंजिनिअरीणबाई, ह्या हातमा घालाले चालतीन. इंजिनमा नही."

मग कुठे तिने मिस्तरीचं ऐकायचं ठरवलं. त्याने तिला टाकी दिली, एक बोथट पातं दिलं आणि सांगितलं, रंग एकेक करून काढ, घाई नको. वरचा चंदेरी, त्याखाली निळा, त्याखाली काळा, मग लाल, मग परत काळा. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी शेवटच्या पापुद्र्याखाली फिकट हिरवा रंग लागला, कोवळ्या हरभऱ्यासारखा. आणि त्या हिरव्यात एक तुरा. मग चोच. मग छाती काढून उभा राहिलेला अख्खा कोंबडा.

मंजुळा किंचाळली. मिस्तरी हातातला पाना टाकून धावत आला, त्याला वाटलं बोट कापलं.

कोंबड्याजवळ इंग्रजी अक्षरं होती. बीएसए. बँटम. आत्याने दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरला विचारलं तर तो खुर्चीतून उठलाच. "बँटम! विलायती हो! स्वातंत्र्याच्या सुमाराची! सव्वाशे सीसी, तीन गिअर, वजनाला वासराएवढी! कोणीही उचलावी!"

त्या रात्री जेवताना आत्या तीनदा आपल्याशीच हसली. मंजुळाने मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की गाडी तिने ओळखली. जावा आणि राजदूतचा उल्लेख तिने वेळेअभावी केला नाही.

योग्य मापाच्या रिंगा मिस्तरीने धुळ्यातल्या एका जुन्या दोस्ताकडून मिळवल्या. पॉइंट घासले, मॅग्नेटो वाळवला, मिरची झटकली. आता राहिलं होतं कागदांचं. गाडी नावावर करायची तर आरटीओचा साहेब चासीच्या नंबरावर पातळ कागद ठेवणार, वरून पेन्सिल फिरवणार, आणि जो ठसा उमटेल तो पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघणार. नंबर होता हँडलच्या खाली, चासीच्या मानेवर. आणि तो दिसत नव्हता. कारण पस्तीस वर्षं प्रत्येक दसऱ्याला रुपचंद मास्तरांनी, आणि त्यांच्या आधी ज्यांची गाडी होती त्यांनी, पूजेचं बोट नेमकं तिथंच लावलं होतं. शेंदूर, तेल, हळद, कुंकू, त्यावर रंग, त्यावर परत शेंदूर. गाडीच्या गळ्यात एक लालभडक दगडच तयार झाला होता.

"हाई काम तू कर," मिस्तरी म्हणाला. "घासलेटमा भिजाड, मंग ब्रशवरी धीरे धीरे. शेंदूर काढना शे, लोखंड नही."

वाक्य सोपं होतं. मंजुळाने ते ऐकलंही.

पण दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. घराघरातून पितळी भांडी अंगणात आली होती, चिंच लावून घासली जात होती, आणि आदल्याच दिवशी आईने मंजुळाने घासलेला हंडा शेजारणीला दाखवून म्हटलं होतं, "बघा, तोंड दिसतंय." मंजुळाच्या कानात ते वाक्य ताजं होतं. शेंदूर ब्रशने निघाला. खाली काळपट, खडबडीत काहीतरी लागलं. गंज! हा ठेवायचा म्हणजे काय? दप्तरात हस्तकलेच्या तासाची कानस होती, पॉलिश पेपर होता. ती तासभर घासत बसली. जीभ बाहेर काढून, मन लावून. शेवटी ओढणीने पुसलं आणि वाकून बघितलं.

तोंड दिसत होतं.

फक्त तोंडच दिसत होतं.

आता जगातली कुठलीही शहाणी मुलगी मिस्तरीकडे गेली असती, नाहीतर आत्याकडे. पण आठवीतली मंजुळा आणि नववीतली मंजुळा यांच्यात एवढाच तर फरक होता की नववीतली रडत नाही, उपाय काढते. नंबर गेला ना? पुस्तकात आहे. मग परत घालायचा. लोखंडावर अक्षरं घालणारा माणूस जळगावात कोण, हे मेहरूणच्या कुत्र्यालाही माहीत होतं. भांड्यांच्या गल्लीतला जीवराम. लग्नाच्या हंड्यांवर, बारशाच्या वाट्यांवर, बढतीच्या ताटांवर नावं तोच घालायचा.

गाडी वासराएवढी होतीच. "फिरवून आणते," असं मिस्तरीला सांगून तिने ती ढकलत ढकलत भांड्यांच्या गल्लीत नेली. नंबर कागदावर लिहून घेतला होता, शाळेत लिहितात तसा, स्वच्छ मराठीत.

जीवरामने चष्म्यातून आधी गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कोणाकडून?"

"काय?"

"भेट कोणाकडून? कोणाला? काय निमित्त?"

"भेट नाही हो काका. नुसता नंबर घालायचाय."

"नुसता नंबर? खानावळीच्या ताटासारखा?" जीवरामला ते फार लागलं. "बरं. बस तिथं."

त्याने छिन्नी घेतली, छोटी हातोडी घेतली. टिक् टिक् टिक्. पंधरा मिनिटांनी मंजुळाने बघितलं आणि तिचा ऊर भरून आला. इतकं सुंदर काम तिने जन्मात बघितलं नव्हतं. वर 'श्री'. खाली वेलांट्यांना छान वळण देऊन 'वाय डी १', मग पुढचे आकडे, आणि दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांचं एकेक कमळ.

"श्री नि कमळं माझ्याकडून," जीवराम म्हणाला. "श्री घातल्याबिगर माझ्या हातातून वस्तू जात नाही."

हे इंग्रजी गाडीला शोभेल का, असा प्रश्न मंजुळाला पडायला हवा होता. तिला पडलेला प्रश्न असा होता की हे मूळच्यापेक्षा चांगलं झालंय, तर साहेब खूश होतील का. तरी कुठेतरी आत बारीक खुपत असावं, कारण परत येताना तिने झेंडूचा भलामोठा हार घेतला आणि गाडीच्या मानेत घातला. मिस्तरीने विचारलं, तर म्हणाली, "आरटीओला चाललीय ना. शुभ." ती खोटं बोलली नाही. कुणी नीट विचारलंच नाही.

अठ्ठावीस ऑक्टोबरला सकाळी मिस्तरीने किक मारली. गाडी दोनदा खोकली, मिरचीचा शेवटचा भपकारा सोडला आणि फटफटायला लागली. बारीक, घाईघाईचा आवाज. आत्याने पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि चिंचेभोवती एक फेरी मारली, मग दोन, मग सरळ तलावापर्यंत जाऊन आली. आल्यावर तिने गाडी बंद केली. टाकीवरच्या कोंबड्याला थोपटलं.

मग तिघं गाडी घेऊन आरटीओच्या अंगणात गेली. साहेब आले. जाड चष्मा, खिशाला तीन पेनं. त्यांनी आधी इंजिनाचा नंबर बघितला, पुस्तकाशी ताडला, बरोबरची खूण केली. मग हार बाजूला केला, पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल फिरवायला लागले.

आधी एक कमळ उमटलं.

साहेबांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत पेन्सिल फिरवली. 'श्री' उमटला. मग बाकीचं. मग दुसरं कमळ.

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "ही गाडी कुठं तयार झाली?"

"इंग्लंडात," आत्या अभिमानाने म्हणाली.

"इंग्लंडात श्री घालतात?"

आत्या वाकली. मिस्तरी वाकला. मिस्तरीने हळूच मान वळवून मंजुळाकडे बघितलं. "काय करी बसनी, पोरी?"

साहेबांचा आवाज चढला. "चासीचा नंबर खोडणं हा एक गुन्हा. नवा घालणं हा दुसरा. गाडी जप्त होते, कळतंय का? पोलिसात जाते!"

आत्याचा चेहरा साडीपेक्षा पांढरा झाला. तिला तर कळतच नव्हतं की झालंय काय. मंजुळा पुढे झाली. तिने तोंड उघडलं आणि वक्तृत्व स्पर्धेची सवय असल्यामुळे तिच्या तोंडून निघालं, "अध्यक्ष महाराज..."

"काय?"

"मी केलं," मंजुळा म्हणाली. यापुढे तिला भाषण आठवेना. "मीच घासला. म्हणजे नंबर आहे हे मला कळलंच नाही, मला वाटलं गंज आहे, मी तोंड दिसेपर्यंत घासलं. मिस्तरींनी सांगितलं होतं धीरे घास. मग मी जीवरामकाकांकडे नेली. आत्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. हारसुद्धा मीच घातला, तुम्हाला दिसू नये म्हणून." हे शेवटचं वाक्य तिने स्वतःशीही पहिल्यांदाच कबूल केलं होतं. मग ती रडली. नववीतल्यासारखी नाही, तिसरीतल्यासारखी, नाक वाहवत.

साहेबांनी कागदावरची कमळं पुन्हा एकदा बघितली. त्यांच्या मिशीला काहीतरी झालं, पण त्यांनी ते आवरलं.

"वीस वर्षांत चोरांचे लई नंबर बघितले," ते म्हणाले. "नक्षी काढणारा चोर नाही बघितला. इंजिन नंबर बरोबर आहे, म्हणून ऐकून घेतो. धुळ्याहून मालकिणीचा जबाब आणा, अर्ज करा, मंजुरी आली की आमच्या शिक्क्याने नंबर मारून मिळेल. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही."

"एक तारखेच्या आत होईल?" आत्याने विचारलं.

"बाई, एक तारीख तुमची आहे. ऑफिसची नाही. वीस दिवस धरा."

गाडी ढकलत घरी आणली. आत्या एका बाजूने, मंजुळा दुसऱ्या बाजूने. सगळा रस्ता आत्याची नजर पुढच्या चाकावर. रागावली असती, एक ठेवून दिली असती तर मंजुळाला बरं वाटलं असतं. रात्री आत्याने ट्रंकेत भरलेल्या साड्या परत बाहेर काढल्या आणि खुंटीवर टांगल्या. मंजुळा झोपेचं सोंग घेऊन बघत होती. रजिस्टरच्या टेबलाकडे जायला ट्रंक लागत नाही.

एक तारखेला आत्या डॉक्टरांकडे निघाली तेव्हा मंजुळा न विचारता मागे गेली. दिवाळीची सुट्टी लागली होती.

"वाहन?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. कागद वीस दिवसांनी मिळतील."

"मग रजिस्टर घ्या, कुंदाबाई. मी काय करू? चार गावं आहेत. लस उन्हात नासली तर जबाबदार कोण?"

मंजुळाने बघितलं, आत्याचा हात खरंच टेबलावरच्या त्या लांबलचक रजिस्टराकडे चालला होता.

"चुकी माझी आहे, साहेब," मंजुळा म्हणाली. मागचा-पुढचा विचार करायची तिला सवय नव्हतीच. "वीस दिवस लशीची पेटी मी उचलते. चालत. माझी सुट्टीच आहे. वेळेवर पोचू."

"तू? किती किलोमीटर माहीत आहे?"

"नाही," मंजुळा म्हणाली. अनेक महिन्यांत हा शब्द तिने पहिल्यांदाच वापरला असावा.

डॉक्टरांनी आत्याकडे बघितलं. आत्याने हात मागे घेतला. "उपकेंद्रात पोचायला एका दिवशी जरी दहाच्या पुढे उशीर झाला," ती म्हणाली, "तरी मी स्वतः येऊन या टेबलावर बसेन."

दोघी धरणगावात खोली घेऊन राहिल्या. तिथून अकरा किलोमीटर होतं. जाताना. पेटीत बर्फ, आणि बर्फाचं वजन विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. पहिल्या दिवशी मंजुळाने वाटेत पाणचक्कीचं तत्त्व समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने फक्त होकार दिले. तिसऱ्या दिवसापासून ती पाय आणि पेटी यांच्यापलीकडे कशाचाही विचार करत नव्हती. कापूस वेचणाऱ्या बाया बांधावर उभ्या राहून विचारायच्या, "कोनी आंडेर शे वं?" म्हणजे ही कोणाची लेक, आणि आत्या चालता चालता सांगायची, "मना भाऊनी. श्री घालणारी." नंबराची गोष्ट चारही गावांत त्यांच्या आधी पोचली होती.

लाडक्या पाहुणीचं स्वागत व्हावं तसं काही झालं नाही. पेटी दिसली की पोरं बोंबलत पळायची. मंजुळाला बघून पळणारी पोरं धरून आणण्याचं कामही मग मंजुळाकडेच आलं. नवव्या दिवशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती अनवाणी चालली, कारण थांबलं तर दहा वाजले असते. दहाला दहा कमी असताना दोघी उपकेंद्रात पोचल्या. त्या दिवशी एका घरी आत्याने पाच दिवसांचं बाळ उचलून आधी बराच वेळ नुसतं बघितलं, आणि मग तपासलं. मंजुळा दारात पेटीवर बसून पायातले काटे काढत होती. तिने ते बघितलं. कुणाला काही सांगायचं तिच्या मनात आलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मंजुरीचा कागद आला. विसाव्या दिवशी मिस्तरीने गाडी ढकलत आरटीओत नेली आणि साहेबांनी कमळांच्या वरच्या अंगाला, सरळ इंग्रजी आकड्यांत, सरकारी नंबर मारला. कमळं त्यांनी खोडली नाहीत. ती त्यांच्या अधिकारात येत नाहीत, असं म्हणाले.

एकविसाव्या दिवशी सकाळी अभिमन मिस्तरीने फटफटी धरणगावला आणून दिली. आत्याने किक मारली. गाडीचा बारीक आवाज सगळ्या गल्लीभर झाला, माणसं ओट्यावर आली. मंजुळाने लशीची पेटी उचलली, वेणी मागे टाकली, कपडे सावरले आणि रुबाबात मागच्या कॅरिअरवर बसायला पाय उचलला.

"अगं अगं," आत्या म्हणाली, "तिथं पेटी."

"आणि मी?"

आत्याने पेटी तिच्या हातातून घेतली, कॅरिअरवर ठेवली, दोरीने दोन वेढे देऊन करकचून बांधली आणि गिअर टाकला.

"तू ये की मागून," ती म्हणाली. "रस्ता माहीत आहे तुला."